चौथ्या चाकातली हवा

अण्णा, मी वाळूत गाडी चालवली. तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं झाली असतील, पण हे दुसऱ्या कोणाला सांगू? चौथीच शिकलेय, अक्षर नाही लागलं तर सोडून द्या. इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्सला सगळेच गाडी चालवतात, मीही चाळिशीत लायसन्स काढलं, तिसऱ्या टेस्टला पास झाले, ते जाऊ दे. नातीने तुमच्या जीपसारखी फोर-व्हील ड्राइव्ह घेतलीय. माझ्या वाढदिवसाला ती मला जवळच्या जुन्या वाळूच्या खाणीवर घेऊन गेली. हौशी लोकांसाठी तिथे ट्रॅक आखलेत. आमचा सगळ्यात सोपा, हिरव्या खुणांचा. समोर बघते तर आपल्या नदीचं उन्हाळ्यातलं कोरडं पात्रच, धुकं तेवढं इथलं.

तुम्ही सरकारी जीप पात्रात घालायच्या आधी उकिडवे बसून काडीने चारी चाकांची हवा कमी करायचात, म्हणजे चाक पसरतं, रुतत नाही. मी लहान, शेजारी बसलेली. "आता मध्ये थांबायचं नाही, देव आडवा आला तरी." एकदा शाळेच्या मास्तरांनी पात्रात हात केला, तुम्ही तसेच पुढे. पलीकडे कडक जमिनीवर जीप लावलीत आणि खांद्यावर टॉवेल टाकून तापल्या वाळूतून अनवाणी मागे चालत जाऊन त्यांना घेऊन आलात.

मीही काडी घेऊन बसले. तीन चाकं झाली आणि गेटवरच्या माणसाने लवकर निघा म्हणून खूण केली. गडबडीत चौथं राहिलं. निम्म्या वाटेवर लक्षात आलं, आता रुतणार. तेवढ्यात नात म्हणते, "आजी, तो अंकल बघ. हात करतो. आपण स्टॉप करू?" कडेला धुक्यात उभा, खांद्यावर टॉवेल, एवढ्या थंडीत पायात काही नाही. तोंड मी बघितलं नाही. "वाळूत थांबायचं नसतं गं," म्हणाले आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरासुद्धा हलवला नाही. गाडी कुठे अडली नाही.

पलीकडे थांबून हवा भरायला पंप लावला, तर चौथं चाकही बाकीच्या तिन्हींइतकंच बसलेलं. नात म्हणाली, "तू फोर केले असशील, विसरली." मी हो म्हटलं. "मग अंकलला आणायला जाऊ या? तो वेट करत असेल." मागे बघितलं. नुसतं पांढरं, आणि कुठे पाखराचासुद्धा आवाज नाही.

फार खुशीत आहे मी, अण्णा. दोन दिवस सगळ्यांना फोन करून सांगतेय, वाळू पार केली, रुतले नाही. ही चिठ्ठी कुठे टाकणार, चहाच्या डब्याखाली ठेवते. एक राहिलं. नातीला मी जाऊ दिलं नाही. म्हटलं, माझे गुडघे दुखतात, आता घरी चल. गुडघे दुखत नव्हते.