फळा दिलगीर आहे

मृत्युपत्र लिहून ठेवणार: शैलजा रामहरी भापकर, वय ४६, शिक्षण बी.ए. (इतिहास), धंदा स्टेशनरीचे दुकान, राहणार कऱ्हा घाटाचा उतार, बारामती, जि. पुणे.

हे मृत्युपत्र मी सोमवार दि. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी, दुकान उघडण्याआधी लिहायला घेतले आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भीती घातलेली नाही की भुलवलेले नाही. नशा म्हणाल तर दोन कप चहा झाला आहे. येत्या सोमवारी माझे गर्भाशय काढण्याचे ऑपरेशन आहे. डॉ. निकिता जाचक म्हणतात, "पंधरा दिवसांत गल्ल्यावर बसाल." माझा त्यांच्यावर विश्वास आहे आणि मला मरायची घाई नाही. पण बावीस वर्षे मी या गावातल्या मृत्यूंच्या बातम्या लिहिते आहे, आणि कागद न करता गेलेल्यांची भावंडे प्रतिज्ञापत्राचे नमुने न्यायला माझ्याच दुकानात येतात. तेव्हा मला तरी सबब नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही हे मी गिऱ्हाइकांना सांगत आले, म्हणून साध्या फुलस्केपवर लिहिते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. (एकोणिसाव्या वर्षी डायरीत एक केले होते. त्यात दोन ड्रेस आणि एक शाईचे पेन होते. ते रद्द समजावे.)

कलम १. दुकान व त्यावरची खोली माझ्या एकटीच्या मालकीची आहे. वडील रामहरी भापकर यांनी लोणी भापकरची जमीन भाऊ विशालला आणि ही जागा मला, असे हयातीतच लिहून दिले. तेव्हा विशालला वाटले की मला जास्त मिळाले. पुढे जमिनीला पाणी आले तेव्हा मला वाटले की त्याला जास्त मिळाले. आता दोघांनाही काही वाटत नाही. ही जागा मी विशालची मुलगी श्रेया हिला देते. दुकानाची रस्त्याकडची भिंत पाडू नये अशी अट घालावी की नुसती विनंती करावी, यात माझे तीन दिवस गेले. शेवटी दोन्ही खोडले. श्रेयाला तिथे जे करायचे असेल ते तिने करावे. मी नसताना तिची भिंत अडवून धरणे मला पटत नाही.

कलम २. त्या भिंतीवर फळा आहे. श्रेया पुण्यात वाढली, म्हणून हे कलम तिच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते.

चार फूट बाय तीन फूट, सागवानी चौकट, काळा रंग दर दिवाळीला. १९८४ साली वडिलांनी तो टांगला. रोज सकाळी साडेसातला लिहायचा. डावीकडे निधन: कोण, कुठले, माती किंवा जनाजा किती वाजता, दहावा कधी. उजवीकडे बाकी सगळे: नळाला पाणी कधी, कालव्याचे आवर्तन, एस.टी.ची बदललेली वेळ, हरवले-सापडले. पुसण्यापूर्वी सगळा मजकूर वहीत उतरवायचा. वडिलांनी एकोणीस वर्षे हे केले, त्यानंतर मी करते आहे. वर्षाला एक याप्रमाणे बेचाळीस वह्या झाल्या. गावाचा इतिहास म्हणून पुस्तकात जे येते ते त्यांत फारसे नाही. "कऱ्हेला पाणी आले, तिसरी पायरी बुडाली." "सापडली: लहान मुलाची चप्पल, डावी." "कारखान्याचा भोंगा आजपासून सकाळी सात वाजता." "उजवी चप्पलही सापडली, आईने येऊन दोन्ही नेल्या." साथीच्या त्या दोन वर्षांत डावी बाजू पुरेना म्हणून अक्षर बारीक करावे लागले. नंतर ते पुन्हा मोठे करायला हात धजेना. ते मोठे केले तो दिवसही वहीत आहे.

वडिलांचा नियम एकच होता. घरातल्या माणसाने समोर उभे राहून "गेले" असे म्हटल्याशिवाय खडू उचलायचा नाही.

कलम ३. फळा मी मेहरीन हिला देते. शेजारच्या शिलाईच्या दुकानातल्या जरिनाभाभींची ही मुलगी, वय २९, शाळेत शिक्षिका. गेल्या वर्षी मला हिवताप झाला तेव्हा सोळा दिवस फळा तिने लिहिला आणि एकही वेळ चुकली नाही. तिला विचारूनच हे लिहीत आहे. ती म्हणाली, "पण ताई, आता सगळं मोबाईलवर कळतं की." कळते हे खरे. पण फळ्यासमोर दोन अनोळखी माणसे एकच नाव वाचत उभी राहतात आणि एक दुसऱ्याला विचारतो, "तुमचे कोण लागायचे?" हे मी रोज गल्ल्यावरून पाहते. मग मेहरीन म्हणाली, "भिंत गेली तर?" फळा चार खिळ्यांवर आहे. तो काढून कुठेही टांगता येईल. जरिनाभाभी मशीनवरून ओरडल्या, "आमच्या दारात टांगा! पण लग्न होऊन ही इंदापूरला गेली तर तो टेम्पोत घालून सासरी न्यायचा का?" न्यायला माझी हरकत नाही. इंदापुरातही माणसे जातात आणि चपला हरवतात.

कलम ४. किरकोळ. स्कूटर जरिनाभाभींना, त्या नको म्हणतील, तरी द्यावी. आईच्या पाटल्या श्रेयाला. बँकेत जे असेल त्यातून साधा अंत्यविधी करावा, उरेल ते श्रेयाचे. फळ्यावर स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तीनदा लावणाऱ्या कार्यकर्त्याला मी माफ केलेले नाही. तो फ्लेक्स काढून मी माळ्यावरची गळती झाकली आहे. तो मात्र परत करू नये.

कलम ५. बेचाळीस वह्या गावच्या वाचनालयाला द्याव्यात. दुरुस्त करू नयेत. एका स्मरणिकेत माझ्या वहीतली बारा पाने माझे नाव न घालता छापली गेली, याचा मला राग आहे. बरोबर छापली, याचा आनंदही आहे. दोन्हींपैकी कोणता जास्त हे मला अजून ठरवता आलेले नाही.

कलम ६. यातली २०१४ ची वही मात्र मला झोप लागू देत नाही. कारण लिहिते.

त्या वर्षी हिंदुराव तात्याबा खलाटे, आमच्या उतारावरचे तात्या, पुण्याच्या दवाखान्यात अत्यवस्थ होते. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले. अँब्युलन्स निघाली त्या दुपारी त्यांच्याच घरातला एक जण माझ्याकडे धावत आला आणि हातात चिठ्ठी दिली: "हिंदुराव तात्याबा खलाटे, माती उद्या सकाळी नऊ, कऱ्हा घाट."

मी विचारले, "गेले का?"

तो म्हणाला, "वाटंत हायेत. गेल्यातच जमा हाय. लिहा तुमी. बावड्याचं, सांगवीचं पावनं पोचायला नको?"

मला शंका आली होती, हे इथे स्पष्ट लिहिते. शंका आली आणि तरी मी खडू उचलला. रडणाऱ्या माणसाला परत पाठवायचे माझ्याने झाले नाही. वडिलांनी पाठवले असते.

अँब्युलन्स पाटसच्या पुढे आल्यावर तात्यांनी डोळे उघडून चहा मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव्हणे उतरले तेव्हा तात्या ओट्यावर बाजेवर बसले होते. बावड्याच्या मेहुण्याच्या हातात हार पाहून त्यांनी विचारले, "कुनाची माती हाय?" मेहुण्याने हार पिशवीत घातला. मग सगळे उठून माझ्या दुकानावर आले. महिनाभर लोक फळ्याला यमाचा फळा म्हणत होते. विशालने पुण्याहून फोन केला, "काढून टाक तो."

मी फळ्यावर दुरुस्ती लिहिली: "हिंदुराव खलाटे हयात आहेत. काल चुकून लिहिले गेले. फळा दिलगीर आहे." त्या ओळीची मला आजही लाज वाटते. फळा कशाला दिलगीर असेल? लिहिले मी होते.

चिठ्ठी कोणी आणली हे मी कोणाला सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी तात्या काठी टेकत आले, फळा वरपासून खालपर्यंत वाचला, माझ्याकडे पाहिले आणि न बोलता गेले. तेव्हापासून अकरा वर्षे ते रोज आठ वाजता येतात, डावी बाजू वाचतात, पायरीवर काठी दोनदा आपटतात आणि जातात. माझ्याशी एक शब्दही नाही. माझी पुढची चूक पकडायलाच येतात, असे मी धरून चालले आहे.

चिठ्ठी त्या वहीत चिकटवलेली आहे. अक्षर ओळखता येते. वही तशीच वाचनालयात गेली तर कोणीतरी ओळखेल, आणि मी गेल्यावर एका घरात भांडण लावून दिल्यासारखे होईल. चिठ्ठी फाडली तर बेचाळीस वह्यांत एक पान खोटे ठरेल, आणि तेही मी कोणाचे नाव फोडले नाही याचे समाधान मिळावे म्हणून. की गावाला कधीतरी कळावे, चूक माझी एकटीची नव्हती, अशी इच्छा माझ्या मनात आहे? आहे. म्हणूनच मला माझा निर्णय विश्वासाचा वाटत नाही. हे कलम तूर्त मोकळे ठेवते.

कलम ७. (गुरुवार दि. २० नोव्हेंबर.) मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि त्यांना त्यातले काही मिळणार नसावे हे बरे. डॉक्टर तयार आहेत. दुसऱ्याचा विचार चालला असताना जरिनाभाभींनी मला न विचारता, फळा वाचून वळलेल्या तात्यांना हाक मारली: "तात्या, शैलाताईच्या मृत्युपत्रावर सही करता का?"

तात्या थांबले. अकरा वर्षांनी तोंड उघडले ते असे: "का? ही बी गेली का काय? फळ्यावर तर न्हाय."

भाभी हसू दाबत आत पळाल्या. तात्या पायरी चढून स्टुलावर बसले. "कुठं करायची सही?"

साक्षीदाराने मजकूर वाचावा लागत नाही हे मला ठाऊक आहे. पण ज्यांच्याविषयी कलम आहे त्यांची सही न सांगता घेणे मला जमेना. मी सहावे कलम मोठ्याने वाचले. ते नदीकडे पाहत ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, "चिठ्ठी दाव."

मी वही आणली. त्यांनी ती हातभर लांब धरली. "व्हय. वळखीचं अक्षर हाय."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"चौथ्याच दिवशी. घरात एकजण माझ्याकडं बघतच नव्हता."

"मग तात्या, मला विचारायचं होतं."

"तू काय खोटं बोलनारी न्हाईस. रामहरीची पोर तू. तुझ्याशी बोललो असतो तर इचारलं असतं, इचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मग त्याच्या पंगतीला बसून जेवायचं कसं? म्हनून बोललोच न्हाय."

"अकरा वर्षं?"

"भ्यालेलं मानूस आदी रडतं, एवढंच. त्यात काय हाय?"

मी विचारले, मग रोज येऊन फळा का वाचता? मला वाटायचे, माझ्या चुका शोधता.

"माझं नाव हाय का बघतो. नसलं की चहा गोड लागतो."

मी म्हटले, "तात्या, मी दिलगीर आहे." हे वाक्य मी अकरा वर्षे तयार ठेवले होते. ते म्हणाले, "फळ्यानं तवाच सांगितलं की." मग नखाने चिठ्ठीची कड उचलू लागले. "ही माझ्या मातीची हाय. माझ्याजवळ ऱ्हाऊ दे. नवाची येळ बरी हाय, तीच ठेवू." चिकटवलेला कागद सुटायला वेळ लागला. भाभींनी ओला बोळा आणून दिला. चिठ्ठी त्यांनी बंडीच्या खिशात घातली.

वहीतल्या मोकळ्या जागेत मी लिहिले: "येथील चिठ्ठी ज्याची त्याला परत दिली. २०-११-२०२५." हे खरे आहे आणि पुरेसे आहे. वही आता बाकीच्यांबरोबर वाचनालयात जावी. सहाव्या कलमातला मोकळा भाग भरला असे समजावे. दुकान उघडायला मला आज चाळीस मिनिटे उशीर झाला आणि एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही.

कलम ८. माझी बातमी मेहरीनने लिहावी. मजकूर: "शैलजा रामहरी भापकर, घाटाचा उतार." पुढे वय आणि वेळ. विशेषण नको. विशाल किंवा जरिनाभाभी यांनी समोर येऊन "गेल्या" असे म्हटल्याशिवाय खडू उचलू नये, कोणी कितीही रडत असले तरी. उजवी बाजू त्या दिवशी रिकामी ठेवू नये. नळाची वेळ लोकांना लागतेच. या सगळ्याची अंमलबजावणी माझा भाऊ विशाल याने करावी.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचून पाहिला, बरोबर आहे. पान दोनवर शाई सांडली आहे ती माझीच. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: बारामती
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५

(सही) शैलजा रामहरी भापकर

साक्षीदार:
१. (सही) डॉ. निकिता जाचक, बारामती. लिहून देणार माझ्या माहितीच्या असून पूर्ण शुद्धीत आहेत.
२. (सही) हिंदुराव तात्याबा खलाटे, वय ८३, राहणार घाटाचा उतार. सहीपुढे त्यांनी स्वतःच्या हाताने "हयात" असे लिहिले आहे. ते खोडू नये.