दिवेलागणीचं विरजण

आई, धाकट्याच्या आतड्याची सूज पूर्ण उतरली. काल हिंगोलीच्या डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं, आणि तुझ्या पणतीनं फोनवर सगळे कागद वाचून दुजोरा दिला. ही माझी नात. आतड्यातल्या जिवाणूंचाच अभ्यास करते. मी जन्मभर वर्तमानपत्रात काम केलं, एका तोंडची बातमी छापायची नाही ही सवय अजून गेलेली नाही, म्हणून दोघांना विचारलं. तेव्हा बातमी पक्की आहे. मांडीवरून खाली ठेवायला तू भीत होतीस ते लेकरू आता पांढऱ्या केसांचा आजोबा झालं आहे आणि काल भाकरी खाऊन वर ताक मागत होतं.

थंडीत त्याची छाती भरली. जबर औषधं द्यावी लागली. त्या औषधांनी छाती वाचली, पण पोटातले भलेबुरे सगळे जिवाणू झाडून गेले आणि मग पोट असं बिघडलं की आम्ही सगळे घाबरलो. नातीनं मला समजावलं तेव्हा तू शेजारी बसलेली असायला हवी होतीस. ती म्हणाली, "आजी, आतड्याच्या भिंतीत शरीराचे जागले बसलेले असतात. कोणाला अडवायचं आणि कोणाला 'या, बसा' म्हणायचं, हे सगळं त्यांना जन्मतः येत नाही. तिथं नांदणारे जिवाणूच त्यांना शिकवतात. काही जिवाणू आपण खाल्लेला कोंडा आंबवतात, आणि त्यातून जे तयार होतं त्यानं जागल्यांचा राग आवरतो. शिकवणारेच गेले की जागले भांबावतात, घरच्यांवरच काठी उगारतात." मी हे ऐकते आहे आणि मला माळावरचा तांडा दिसतो आहे.

निजामी राजवटीचं ते शेवटचं वर्ष. धामधुमीत आपलं गाव उठतं, आणि आपण चौघं हिंगोलीकडच्या गोरेगावच्या वरच्या अंगाला, माळावरच्या तांड्याकडे निघतो. मी तुझा पदर धरलेला, धाकटा तुझ्या कडेवर, बापूंच्या डोक्यावर बोचकं, आणि तुझ्या हातात फडकं बांधलेलं विरजणाचं मडकं. बापू वाटेत चिडतात. "अगं, भांडीकुंडी टाकून आलीस अन् हे काहून?" तू म्हणतेस, "भांडी बाजारात मिळतेत." तांड्याच्या तोंडाशी कुत्री अंगावर येतात, काठ्या घेतलेली माणसं वाट अडवतात. तेवढ्यात एक थोराड बाई पुढं येते, तुझ्या तोंडाकडं निरखून बघते आणि ओरडते, "सोडा रे! ही विरजणवाली हाय." बाजारच्या दिवशी ती एकदा आपल्या मागच्या दाराशी उभी राहिली होती. दिवे लागले होते. दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर दिलं की घरातली बरकत जाते, हा तेव्हा हयात असलेल्या आजीचा, तुझ्या सासूचा, कडक नेम. तू आजीची पाठ फिरलेली बघून वाटी भरून दिली होतीस.

तिच्याच झोपडीत आपण राहिलो, आणि तिथंच धाकट्याला हगवण लागली. त्याचे डोळे आत गेले, रडायचा आवाज मांजराच्या पिल्लासारखा झाला. बापू जिवावर उदार होऊन हिंगोलीला गेले, डॉक्टरांना विचारून आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं: पाणी उकळून द्या, मीठ घालून भाताची पेज द्या, अंगावर पाजा, आणि पातळ ताक चालेल. बापू पायी आले, आणि वाटेत तो निरोप आटला. दारातून त्यांनी एवढंच सांगितलं, "लेकराच्या तोंडी लागंल ते समदं उकळून द्यायचं, बराबर!" तू पाणी उकळलंस. वाटी-चमचा उकळलास. आणि मग विरजणाचं मडकं उचललंस, होतं नव्हतं ते दही पातेल्यात ओतून चुलीवर ठेवलंस.

"ताक बी उकळलंस व्हय?" बापू कपाळाला हात लावून विचारतात.

"तुमीच म्हनलात समदं!"

"म्हनलो. पन त्ये ताक तसंच द्या म्हनले व्हते डॉक्टर."

"मंग त्ये वाटंत कुठं सांडलं?"

पातेल्यात फाटलेले गोळे आणि हिरवट पाणी. इतकी घाबरलेली असूनही त्या बाईला हसू आवरलं नाही. पण तू मडकं पालथं धरून रडत होतीस. अंधार पडून आला होता, दिवा लागला होता, आणि विरजण मागायची तुला हिंमत होत नव्हती. तीच उठली. शिंक्यावरची वाटी काढून तुझ्यापुढं ठेवली. तू मागं सरलीस. "बाई, दिवा लागलाय. तुमच्या घराला तकलीफ नको."

"तुझंच हाय हे," ती म्हणाली. "तुझं तुला देताना कसली आलीय दिवेलागण?"

पेज, उकळलेलं पाणी, तुझं दूध आणि त्या वाटीतून वाढवलेलं ताक. धाकट्यानं डोळे उघडले, मग माझी वेणी ओढली. त्या ओढीनं मी किंचाळले आणि सगळा तांडा आनंदानं ओरडला.

हे मी नातीला सांगितलं आणि म्हटलं, बघ, ताकानं वाचवलं. ती म्हणाली, "तसं लिहू नकोस, आजी. जास्त काम पेजेनं आणि मिठानं केलं असेल. विरजणातले जीव पाहुणे असतात, आतड्यात घर करून राहणारे वेगळे. पण पाहुणेही जागल्यांशी दोन शब्द बोलून जातात." मी मान्य केलं. आमच्या घरचं विरजण त्या वाटीतूनच आलं, हेही तिला सांगितलं. ती म्हणते, इतक्या वर्षांत त्यात दुसरे जीव मिसळलेच असणार. मिसळू देत. माणसंही मिसळलीच की.

धाकट्याच्या घरचं विरजण या आजारपणात मोडलं. आता डॉक्टरांनी ताकाला हो म्हटलं आहे, म्हणून सकाळी त्याचा फोन आला. "आक्का, उद्या येतो. पन पोचायला दिवे लागतील बघ."

आई, एक तुला सांगते. एवढी शिकले, एवढं छापलं, पण दिवा लागल्यावर मी आजवर कोणाला विरजण दिलेलं नाही. शेजारणीला सकाळी ये म्हणते. हात पुढं होतच नाही. हा कागदही तुला पोचायचा नाही. शिंक्याखाली ठेवून देईन. दूध आता कोमट झालं आहे, ते विरजायला उठते. उद्यापर्यंत घट्ट लागेल, आणि दिवे लागल्यावर धाकटा दारात उभा राहील, रिकामा डबा घेऊन.