स्वयंपाकघराची बंद भिंत

सर, किहीमला तुम्ही बांधलेल्या घराच्या स्वयंपाकघराची पश्चिमेची भिंत मी परवा फोडली. तिथे आता खिडकी आहे. तुमच्या पेन्सिलच्या नकाशात होती तीच, तेवढीच. तुमच्या हाताखाली नवी होते तेव्हा तो नकाशा ट्रेसिंग पेपरवर उतरवताना ती माझ्या हातून राहून गेली आणि गवंड्याने माझ्या ट्रेसिंगबरहुकूम सलग जांभा दगड चढवला, हे आपल्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

भिंत पुरी झाली त्या दिवशी साइटवर मालक भिंतीसमोर उभे आहेत, खूश आहेत. "काय शांत भिंत आहे हो," म्हणतात. तुम्ही एकदा माझ्याकडे बघता. "तशीच राहील," एवढंच तुम्ही म्हणता. परतताना पेण आलं तेव्हा गाडीत म्हणालात, "ट्रेसिंग मूळ कागदावर ठेवून पुन्हा ताडून बघत जा." नोकरी वाचली. तुम्ही मला वाचवलंत की त्या भिंतीला, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि त्याचा थोडा रागही आहे. पुढे ती भिंत वास्तुकलेच्या पुस्तकांत छापून आली. तुमचा संयम म्हणून मीच ती वर्गात वर्षानुवर्षं शिकवली.

यंदा घराची डागडुजी माझ्याकडे आली. विद्यार्थी विनवत होते, मॅडम, त्या भिंतीला हात लावू नका. मालकांच्या मुलालाही ती तशीच हवी होती. मी तुमचा पेन्सिलचा कागद टेबलावर पसरला आणि म्हटलं, "सरांनी खिडकी दिली होती, नंतर ती राहिली." कशी राहिली, ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्या घरात पहिल्यापासून रांधणाऱ्या थळच्या बाई काल बोंबील तळत होत्या. धूर सरळ बाहेर जात होता. इतकी वर्षं त्या डोळ्यांना पदर लावून तळायच्या. "बरा झाला बाय," त्या म्हणाल्या. "तुझा सायेब लय मोठा माणूस व्हता म्हनतात. पन रांधनारी बाई त्याला दिसली न्हाय."

तुम्हाला ती दिसली होती, म्हणून तर खिडकी होती. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. या वयात माझी नोकरीही जाणार नव्हती. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं तरी लिहिता येतंय. सर, मी "हो ना" म्हटलं, आणि त्यांनी वाढलेले बोंबील खाल्ले.