रपट्याचा भोंगा आणि त्याच्या पोटातला आकडा

तीर्थरूप दादाजी मामांना, रंजीताचा भामरागडहून साष्टांग नमस्कार. तुमचं कंबरेचं दुखणं आणि मामीचा राग दोन्ही आता उतरणीला लागले असतील अशी आशा करते. मी बरी आहे. (जेवते वेळेवर. हे आईला दोनदा सांगा.)

मी जिथं संगणक शिकवते, त्या गावाच्या आणि बाजाराच्या मध्ये एक नाला आहे. त्यावर ठेंगणा रपटा, म्हणजे पूर आला की पाण्याखाली जाणारा बुटका पूल, आणि रपट्यावर एका कंपनीनं बसवलेला भोंगा. खांबावरची पेटी खाली पाणी किती दूर आहे ते मोजते. पाणी जवळ आलं की बोंबलते. किती जवळ, तो आकडा तिच्या चिपमध्ये लिहिलेला असतो. यंदा उन्हाळ्यात रपटा दुरुस्त झाला, पेटी नव्या खांबावर दोन फूट वर गेली, पण तिच्या चिपमधला आकडा जुनाच राहिला. म्हणजे रपटा बुडून गेल्यावर भोंगा बोलणार. कंपनीच्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला दिवाळीनंतर येऊ. आमचं सॉफ्टवेअर बाहेर देत नाही, हेही त्यानं फार प्रेमानं सांगितलं.

पण मामा, पेटी उघडून पाहिली तर चिप साधीच होती. आणि अशा चिपा लिहायचं हत्यार लिनक्सवर कोणाकोणा अनोळखी लोकांनी करून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलंय. त्याचं नाव एव्हीआरड्यूड. (पोरीला ठेवण्यासारखं नाही.) चिपवर आकडा लिहिणारा अंगठ्याएवढा प्रोग्रामर आणि चिपला चिमट्यासारखी धरणारी क्लिप टपालानं मागवली, जोडली, तर संगणक म्हणाला परवानगी नाही. घरच्याच संगणकात मी परकी! ‘सुडो’ हा शब्द पुढे लावल्यावर तो ऐकू लागला, पण चिप उत्तर देईना. दोन दिवस मी जगभरच्या लोकांचे सल्ले वाचले. तिसऱ्या दिवशी सोमारी, जी रोज त्या रपट्यावरून डोक्यावर गठ्ठा घेऊन जाते, शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, “बाई, ठिपका तिकडं हाय, तू लाल तार इकडं काऊन लावून राह्यली?”

चिपवरचा ठिपका म्हणजे पहिल्या पायाची खूण, लाल तार तिथंच हवी; माझी क्लिप उलटी होती. सरळ केली, चिप बोलली. आधी जुन्या आकड्याची प्रत काढून ठेवली (एवढी अक्कल मला आहे), मग नवा लिहिला. फक्त दोन फुटांच्या जागी दोन मीटर वाढवले. त्यामुळे बाजाराच्या दिवशी कोरड्या नाल्यावर भोंगा सुरू झाला आणि नाल्याकाठचे लालसूभाऊ शेळ्या, कोंबड्या आणि सासऱ्यासकट टेकडीवर जाऊन बसले. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. मी जुनी प्रत परत टाकली आणि यावेळी टेप घेऊन मोजलं. मग खरा आकडा लिहिला.

गेल्या मंगळवारी वर डोंगरात पाऊस झाला. आमच्याकडं ऊन होतं. सोमारी आणि अकरा बाया रपट्याशी पोचल्या, तेवढ्यात भोंगा वाजला. त्या थांबल्या. काही जणी माझं नाव घेऊन हसल्या म्हणे, पण थांबल्या. थोड्याच वेळात रपटा दिसेनासा झाला. मी धावत गेले तेव्हा सगळ्या काठावर बसल्या होत्या. सोमारी गढूळ पाण्याकडं बघत एवढंच म्हणाली, “बोलला.”

मामीला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची भाची,
रंजीता

ता. क. वरच्या तीन गावांच्याही पेट्या हललेल्या आहेत. त्यांनी मला बोलावलंय. तुमच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातल्या दोन जुन्या क्लिपा पाठवा.

आणखी ता. क. तुम्ही शब्द टाकलेल्या चंद्रपूरच्या नोकरीवर मी एक तारखेला हजर होत नाही. पत्र त्यासाठीच लिहिलं. आईला तुम्हीच सांगा. तुमच्यावर ती कमी रागावते. (हे खरं नाही, पण सांगा.)