चतुर्थीची खिचडी आणि थांबलेलं ऑपरेशन

कळवा, हॉस्पिटल,
खिडकीजवळचा पलंग

चि. चांगदेव यास,

गोपीनाथ भावोजीचे अनेक आशीर्वाद. (पन्नाशी उलटलेल्या मेहुण्याला चिरंजीव लिहिताना मलाच हसू येतं, पण तुझी बहीण लक्ष्मी बाजूला बसून वाचतेय.) आंबिवलीला सगळी मंडळी मजेत असतील. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? परवा तू इथे ज्या आवाजात बोललास त्यावरून बरंच वर असावं. गोळी चुकवू नकोस. माझं विचारशील तर पित्ताशयातले खडे होते तिथेच सुखरूप आहेत. फोनच करणार होतो, पण फोनवर तू 'हां, बोला भावोजी' म्हणतोस आणि मग स्वतःच बोलत सुटतोस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

परवा वॉर्डात काय झालं ते आपल्याला माहीत आहे असं तुला वाटत असेल. अरे, तू सगळा वेळ ओरडत होतास, तुला ऐकू काय आलं असणार? म्हणून पहिल्यापासून सांगतो. सकाळी पोट एकदम रिकामं पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी रात्रीपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही, आणि तू अर्धी भावकी घेऊन हजर. (आपल्यात माणूस ऑपरेशनला निघाला तरी वऱ्हाडासारखे सगळे येतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?) दारात संचिता सिस्टरनं अडवून सांगितलं की दोघांनीच आत जा. ती पलीकडच्या पेशंटचं सलाईन बघायला वळली, आणि तू दोघांना बाहेर ठेवून बाकी सगळ्यांना आत घेतलंस.

मग डबा उघडलास. त्या दिवशी चतुर्थी. तुझं म्हणणं असं, की रिकाम्या पोटी घराबाहेरसुद्धा पडू नये, मग ऑपरेशनला कसं जायचं? आणि साबुदाणा काही खाण्यात धरत नाहीत, देवाला चालतो तर डॉक्टरला का चालू नये? मला ते शंभर टक्के पटलं. (समोर गरम खिचडी, त्यावर तूप, मध्ये बटाट्याच्या फोडी. अशा वेळी मला काहीही पटतं.) डबा पुसून खाल्ला. स्ट्रेचर आलं, मी आडवा झालो, आणि ही संचिता माझ्या तोंडाकडे बघत उभी. ही वर्तकनगरची पोरगी, कॉलनीत भांडून भांडून मोठी झालेली असावी, आवाज तसाच आहे. माझ्या मिशीतून शेंगदाण्याचं कूट चिमटीत धरून म्हणते, "काका, हे काय?"

मी म्हटलं, "काही नाही गं, उपासाचं आहे."

झालं! तिनं स्ट्रेचर धरून ठेवलं. इथे हल्ली नवा नियम आहे. सिस्टर 'थांबा' म्हणाली की कारण मिटेपर्यंत मोठ्या डॉक्टरांनीही पेशंटला हलवायचं नाही. पण बाबा, मोठ्या डॉक्टरांना थांबा म्हणणार कोण? नियम झाल्यापासून कुणाची हिंमत झालेली नव्हती. हिची झाली. डॉक्टर चडफडले, पण मला विचारून खात्री केली, हातमोजे काढले आणि चहाला गेले. तू मात्र पेटलास. हॉस्पिटलची जागा माझ्या बापाची, मी इथला ट्रस्टी, तुझी नोकरी घालवीन, काय काय बोललास. ती घाबरली होती रे. स्ट्रेचरचा दांडा घट्ट धरला होता. पण हलली नाही. म्हणाली, "जागा तुमची असेल, साहेब. पेशंट माझा आहे."

बेशुद्धीत ती खिचडी उलटून वर आली असती आणि श्वासाबरोबर फुफ्फुसात गेली असती, तर खेळ खलास होता, असं नंतर डॉक्टरांनीच सांगितलं. तुझी बहीण ते ऐकून अशी रडली, की वॉर्डातले पेशंट तिची समजूत काढायला उठले. चांगदेवा, मी जिवंत आहे तो त्या पोरीमुळे. दुपारी मी तिला हात जोडले तर म्हणाली, "हात राहू द्या काका, आधी विचारलं की खरं सांगायला शिका." एवढा राग आला आणि एवढं बरं वाटलं, काय सांगू!

बाकी सगळं ठीक. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
गोपीनाथ भावोजी

ता. क. : तुझ्या बायकोला, मालनला सांग, खिचडी झकास झाली होती. मीठ किंचित जास्त.

ता. क. दुसरा : आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. तू मॅनेजरला दम भरलास आणि उद्यापासून संचिताला वॉर्डातून काढून खाली फायली लावायला बसवणार आहेत, हे आजच कळलं. बाकीच्या सिस्टरांची तोंडं उतरलीत. यापुढे थांबा म्हणायला कुणी धजणार नाही. पत्र हातोहात पाठवतोय, आजच मॅनेजरला फोन कर, तिला वॉर्डातच राहू दे म्हणून सांग. आणि डबा तू आणलास, मी खाल्ला, हेही सगळ्यांसमोर सांग.

ता. क. शेवटचा : ऑपरेशन आता मंगळवारी आहे. संचिता दारात नसेल तर मी पलंगावरून हलणार नाही. हा हट्ट नाही, भीती आहे. मंगळवारी तू पुन्हा काहीतरी घेऊन येशील. कितीही शपथा घातल्या तरी प्रेमापोटी आणशीलच. आणि मी खाईन रे.