आठची गोळी

आई, बाबांना आता दिवसाला सात गोळ्या असतात. तू होतीस तेव्हा ते डोकं दुखलं तरी गोळी घेत नसत, बाम चोळून पडून राहायचे. आता प्रेशर, हृदय, साखर, सगळंच आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी सात खणांच्या डब्यात आठवड्याच्या गोळ्या भरायच्या हे माझं काम, आणि त्या वेळच्या वेळी द्यायच्या हे तुझ्या सुनेचं. तिला तू पाहिलं नाहीस. तू गेल्यावर तीन वर्षांनी आमचं लग्न झालं, आणि घाटकोपरची खोली सोडून आम्ही मुलुंडला आलो.

दोन महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी घरी पाहुणे होते आणि डबा भरायचा राहिला. शनिवारी सकाळी तिने पाकिटांतून गोळ्या काढून बाबांना दिल्या आणि भाजी आणायला निघताना मला सांगून गेली, "बाबांची आठची झाली रे." मी फोनवर साहेबांशी हुज्जत घालत होतो. मी हं म्हणालो खरा, पण तिचं बोलणं माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. थोड्या वेळाने बाबा उपम्याची ताटली पुढ्यात घेऊन विचारायला लागले, "माझी गोळी खंय?" त्यांच्या हल्ली लक्षात राहत नाही हे मला माहीत आहे. पण शनिवारचा खण रिकामा होता, आणि तो मीच भरला नव्हता. मी पाकिटातून खाण्याआधी घ्यायची साखरेची गोळी काढून दिली. बाकीच्या ती आल्यावर देईल म्हटलं, आणि परत फोनला लागलो.

साडेअकराच्या सुमारास बाबा सदरा घालायला लागले. बटणं एकाखाली एक चुकत होती. कुठे निघालात विचारलं तर परत पहिल्या बटणापासून लावायला लागले. पाठ घामाने भिजलेली, हात बर्फासारखे. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणाले, "चाय ठेवलंस काय गो?" तुझी सून ओट्यापाशी होती. पण ते तिच्याशी कधी असं बोलत नाहीत. ते तुझ्याशी बोलत होते. ती धावत आली, बोटाला सुई टोचून मशीनवर साखर बघितली. बेचाळीस. ती ग्लासात साखर ढवळते आहे, मी त्यांची मान धरली आहे, अर्धं पाणी हनुवटीवरून ओघळतं आहे आणि ती सारखी म्हणते आहे, "गिळा बाबा, गिळा." रिक्षात ते माझ्या खांद्यावर इतके जड झाले, की मी दोनदा नाकाशी बोट धरून बघितलं.

हॉस्पिटलात सलाइन लागल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कोणी दिली, किती वाजता. ती म्हणाली, "मी दिली. आठ वाजता." त्या क्षणी मला तिचं सकाळचं वाक्य ऐकू आलं, सगळंच्या सगळं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका गोळीने एवढी उतरणार नाही, दोनदा गेली का? तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नाही. मी दिली नाही."

सहावीत असताना आजीची गोळी मी खिडकीत ठेवून खेळायला पळालो होतो, ते तुला आठवत असेल. तू ड्युटीवरून आलीस, विचारलंस, मी दिली म्हणालो. गोळी तुला खिडकीच्या फटीत सापडली. मला वाटलं आता मार बसणार. तू कांदा चिरत होतीस, हातही थांबवला नाहीस. म्हणालीस, "विसरलास ते चालेल. पण दिली म्हणालास ना, मग मी दुसरी देणार नाही. म्हातारीचं काय झालं असतं?" वॉर्डात आया म्हणून तू एवढी वर्षं काढलीस, सिस्टर गोळी देऊन पुढे गेली की पाण्याचा ग्लास घेऊन पेशंटजवळ थांबायचीस. चूक कोणाची हे तू कधी विचारायची नाहीस. खरं काय झालं, एवढंच विचारायचीस. आणि मी डॉक्टरला खोटं सांगितलं, बाबा तिथे समोर पडलेले असताना.

बाबा बचावले. एक दिवस, एक रात्र ठेवून घेतलं, दर तासाला साखर बघितली. घरी येताना ते चिडलेच होते, म्हणाले माका काय्येक झाला नव्हता. पण तुझी सून बदलली. मी नाही म्हटल्यावर तीच डॉक्टरीणबाईंना म्हणाली होती, "माझ्याच हातून दोन गेल्या असतील." आता ती गोळ्या द्यायला धजत नाही. पाकीट हातात घेते, नाव वाचते, परत वाचते, आणि मला हाक मारते. परवा तिने आमच्या मुलीला सांगितलं, "मी आजोबांना मारलंच असतं." मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. मान वर केली नाही.

तुला सांगून मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही. तू तर काही विचारायला येणार नाहीस, म्हणूनच तुला लिहिणं जमलं. जिला सांगायला हवं ती आत्ता पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालते आहे. मी हाक मारली तर लगेच येईल. अजून मारलेली नाही.