सगुणाच्या वहीतला भाद्रपद

मी, सरोज विष्णु केळुसकर, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, निवृत्त विज्ञानशिक्षिका, राहणार डोंबिवली पूर्व, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही. तशी कोणाची छातीही नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो अकलेपुरता आहे, स्वभावाबद्दल त्यांनी लिहायचे टाळले.

१. माझी राहती खोली व स्वयंपाकघर मी 'खाडी-पहारा युवक मंडळा'स देते. माझा धाकटा भाऊ प्रभाकर हे वाचून म्हणेल, "ताईचं डोकं फिरलंय." प्रभाकर, वरचा दाखला पुन्हा वाच. तुला ठाण्यात दोन फ्लॅट आहेत. तुला मी काचेचे कपाट देते, कारण तू दर भाऊबीजेला ओवाळणीपेक्षा जास्त वेळ त्याच्याकडेच बघत असतोस.

२. मंडळ म्हणजे काय, हे वकिलांना कळावे म्हणून लिहिते. १९८६ साली माझ्या नववीच्या वर्गातली काही मुले, होळीला अजून आठवडा असताना, गुलाबी पायांनी शाळेत आली. त्यांच्या वाटेवरच्या नाल्यात वरच्या अंगाच्या एका कारखान्याचे रंगाचे पाणी येत होते. कारखान्याचे नाव वकिलांच्या सल्ल्यावरून घालत नाही. डोंबिवलीत ते लहान पोरही सांगेल. नाला पुढे खाडीला मिळतो आणि खाडीवर कोळ्यांची घरे चालतात. मी त्या मुलांना सरबताच्या रिकाम्या बाटल्या दिल्या आणि म्हटले, "रडू नका, नमुने आणा." तेच मंडळ.

३. मंडळाचे चिटणीस पंढरी आयरे यांना मी माझे गमबूट देते. दहा वर्षांत ते एकदाही चिखलात उतरलेले नाहीत. मुलांना टोप्या मात्र त्यांनी वाटल्या, आणि त्या कोणी दिल्या ते टोपीच्या आत छापलेले होते. त्याच कारखान्याचे नाव! मी सगळ्या टोप्या उलट्या करून फरशी पुसायला घेतल्या. गमबूट डाव्या पायात गळतात, हे पंढरीरावांना आधी सांगू नये.

४. बँकेतील ठेवीतून दर वर्षी पाणी तपासण्याचे सामान आणावे. त्यातून हारतुरे, शाली, नारळ आणल्यास मी भूत होऊन येईन. माझा भुतांवर विश्वास नाही, पण त्या कामापुरती सवड काढीन.

५. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयास द्यावा. त्यांनी नाही म्हटल्यास जाळावा, पण राख खाडीत टाकू नये. खाडीत लोकांनी आधीच पुष्कळ टाकले आहे.

६. आता खरे कलम. हे तीनदा लिहून फाडले.

पाण्याचा नमुना ओहोटीला घ्यावा लागतो, कारण कारखाना घाण ओहोटीलाच सोडतो. पाणी आपसूक लांब जाते. ओहोटी कधी, हे आम्हांला मनुबाई केणी यांनी शिकवले. त्यांनी चाळीस वर्षे खाडीत जाळे टाकले. "तिथीची पाऊनपट कर पोरी, भरती गावंल. आपले खाडीला वर दीड तास धर." भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणून आमच्या नोंदवहीत तारखा नव्हत्या, तिथ्या होत्या. वही मनुबाईंची नात सगुणा कान्हा केणी लिहीत असे. मोत्यासारखे अक्षर, आणि मंडळात माझ्याशी वाद घालण्याची हिंमत असलेली ती एकटीच.

१९९३ साली अधिक भाद्रपद आला. सतरा वर्षांच्या सगुणाने मला विचारले, "बाई, अधिक लिवू ना म्होरं?" मी म्हटले, "अधिक महिना म्हणजे जावयाला अनारसे द्यायची सोय. विज्ञानाच्या वहीत असलं काही नको." ती म्हणाली, "पन बाई, दोन भाद्रपद होतील." मी म्हटले, "शिक्षिका कोण आहे?"

अगं सरोज, चौतीस वर्षे विज्ञान शिकवलंस, आणि अधिक महिना हे चंद्रसूर्याचं साधं गणित आहे, एवढं तुला कळू नये!

ऑगस्ट १९९५ मध्ये आमच्या तक्रारीवर ठाण्याला सुनावणी झाली. कारखान्याच्या वकिलाने वही उघडली. भाद्रपद वद्य पंचमी दोनदा. एका बाटलीत स्वच्छ पाणी, दुसरीत जांभळे. तो गोड हसून म्हणाला, "यातल्या एका भाद्रपदात आमचा कारखाना दुरुस्तीसाठी बंद होता. हे जांभळं पाणी कुठल्या भाद्रपदातलं?" सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिले. आणि मी, जी कोणाला भीत नाही असे गावभर सांगते, ती म्हणाले, "नोंद ठेवणाऱ्या मुलीची चूक झाली."

सगुणा मागच्या बाकावर बसली होती. ती उठून गेली. प्रकरण फेटाळले गेले. पंढरीरावांनी पुढच्या बैठकीत 'बेजबाबदार सदस्या' असा ठराव आणला, आणि मी अध्यक्षा म्हणून त्यावर सही केली. त्या दिवसापासून ती मंडळात आली नाही. तिच्यामागे तिच्या वस्तीतली, रेतीबंदरची अकरा मुलेही आली नाहीत, कारण पोरांना माझ्यापेक्षा अक्कल जास्त आहे.

तरी मी या कागदावर जाहीर करते की चूक माझी होती. खोटे मी बोलले. मला त्याची लाज वाटते, रोज वाटते. ती वही, सर्व बाटल्या व मंडळाचे अध्यक्षपद मी सगुणा कान्हा केणी हिला देते, आणि माझ्या मरणानंतर हे कलम भर सभेत वाचावे.

७. वरील कलमाबाबत दुरुस्ती. काल सगुणाला निरोप धाडला. वाटले होते येणार नाही. आली. चहाला नको म्हणाली. कलम उभ्या उभ्या वाचले, मग पुन्हा वाचले.

"अध्यक्षपद काय तुमच्या घरचा टोप हाय, देऊन टाकायला?" ती म्हणाली. "निवडनूक घ्या. मी उभी ऱ्हाईन. पडले तं पडले."

मी म्हटले, "बरं. आणि बाकीचं?"

तिने कागद टेबलावर ठेवला. आवाज चढला नाही, तेच जास्त लागले.

"आजी माझी खाडीवर मान वर करून चालायची. वर्षभर बायका तिला इचारतात, तुझे नातीनं केस घालवली ना? आनि तुमी हे मेल्यावर वाचायला ठेवलंय? बाई, तुमी मेल्यावर मी भांडू कोनाशी?"

मी पेनाचे टोपण काढले. साक्षीला आलेला सखाराम इस्त्रीवाला दारात उभा होता.

सबब, कलम ६ मधील अध्यक्षपद मी खोडले आहे. 'माझ्या मरणानंतर' हे शब्दही खोडले आहेत. आमच्या अर्जावर मिळालेली फेरसुनावणी पुढच्या आठवड्यात गुरुवारी, ११ जुलै रोजी ठाण्यास आहे. तिथे हे कलम मी स्वतः, माझ्या तोंडाने, उभी राहून वाचणार आहे. प्रकरण पुन्हा पडले तरी वाचणार. सगुणा पहिल्या बाकावर बसणार आहे. माफ केलेले नाही, असे तिने दोनदा बजावले आहे. आजीला घेऊन येते म्हणाली.

हे सर्व मी वाचून, खोडून, समजून सही करीत आहे. खोडलेल्या जागी माझी आद्याक्षरे आहेत.

सही : सरोज विष्णु केळुसकर

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही आणि तरीही जे आले :
१. सखाराम गंगाराम मोहिते, इस्त्रीचा धंदा
२. डॉ. गोदा रामदास सामंत

स्थळ : डोंबिवली
दिनांक : १ जुलै १९९६